डकार रॅली चालू असताना सौदीत गाडीने फिरायचं असेल तर रूट कसा आखावा?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत पुण्याहून बायको-मुलांना घेऊन सौदीला जायचं, तिथे गाडी घ्यायची आणि पहिल्या टप्प्यापासून शेवटच्यापर्यंत डकारच्या, म्हणजे तिथल्या वाळवंटातल्या बाइक-कार-ट्रकच्या शर्यतीच्या, मागोमाग फिरायचं, तर रूट कसा आखू आणि बजेट किती धरू. असाच बेत 2024 साली आमच्या साडूंनी केला होता आणि त्यात आम्हाला ओढलं होतं. त्यामुळे राहवलं नाही.

मागोमाग फिरू नका. एक गाव धरा, तिथे मुक्काम टाका आणि रॅलीला तुमच्याकडे येऊ द्या. दम्मामला साडूंच्या घरी जेवताना मी हेच म्हणालो होतो. त्यावर ते म्हणाले, "तुम्हा पुणेकरांना सगळं घरपोच लागतं." साडू नागपूरचे, बरीच वर्षं तिकडेच नोकरीला. वाळवंट आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे. ऑफिस ते घर रस्ता डांबरी आहे, ही गोष्ट वेगळी.

नकाशा बघून फसायला होतं. 2024 ची रॅली अल-उलाहून निघाली, पार पूर्वेला हुफूफ, खाली रुब-अल-खालीच्या वाळवंटात शुबैता, मग रियाध, हाइल करत परत अल-उला आणि शेवट समुद्रकाठी यनबूला. एकूण 7,900 किलोमीटरच्या आसपास, त्यातले 4,700 च्या वर किलोमीटर स्पेशल स्टेजचे, म्हणजे घड्याळ लावून होणाऱ्या खऱ्या शर्यतीचे. बाकी लिएझन, म्हणजे साध्या रस्त्याने, रहदारीचे नियम पाळत एका जागेहून दुसरीकडे जाणं. स्पेशल वाळवंटातून आरपार जाते, तुमचा रस्ता तिला वळसा घालून. बाइकवाले उजाडायच्या आत बिव्हॉक, म्हणजे रॅलीचा रात्रीचा तळ, सोडतात, मग कार, ट्रक सगळ्यात शेवटी. तुम्ही मुलांना उठवून, दूध-नाश्ता उरकून निघेपर्यंत पुढचे बाइकवाले अर्धी स्पेशल संपवून बसलेले असतात. संध्याकाळी पुढच्या गावी पोचाल तेव्हा ते बिव्हॉकमध्ये, आणि पास नसेल तर गेटवरचा माणूस तुमच्याकडे बघणारही नाही. स्पेशलचा नेमका मार्ग स्पर्धकांनाही आधी देत नाहीत. तुमच्या-आमच्यासाठी प्रेक्षकांचे ठरावीक पॉइंट जाहीर होतात, तेवढेच.

पालखी बघायला आपण आळंदीपासून गाडी घेऊन दिंड्यांच्या मागे लागतो का? पुण्यात संचेती हॉस्पिटलपाशी जागा पकडून उभे राहतो. हे साडूंना पटत नाही, अजूनही नाही.

तर 13 जानेवारीला रियाधला रॅलीचा विश्रांतीचा दिवस होता, तिथून आम्ही मागे लागलो. 14 ला दवादमीला पोचलो तर चांगल्या खोल्या टीमवाल्यांनी आधीच अडवलेल्या. एका पंपाच्या मागे खोल्या मिळाल्या, त्यांत गरम पाणी नव्हतं. जानेवारीत तिकडे रात्री हुडहुडी भरते, हे लोक विसरतात. आणि 15 ला, ऐन संक्रांतीला, हाइलच्या वाटेवर साडूंना रस्त्यालगत वाळूत चाकोऱ्या दिसल्या. "इथूनच गेलेत!" असं म्हणून त्यांनी गाडी खाली घातली. सात सीटर, फोर व्हीलचं एक बटण, टायर हायवेचे. मी म्हणालो, टायरची हवा तरी कमी करा, पसरट झाले की वाळूत कमी रुततात. "बटण आहे ना!"

रस्ता अजून मागे दिसत होता तेवढ्यातच गाडीचं पोट वाळूला टेकलं. साडूंनी जे करू नये ते केलं, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला. चाकं आणखी खाली. टेकाडापलीकडे कुठेतरी इंजिनांचा आवाज आणि थोडी धूळ. त्या दिवशीची डकार आम्ही पाहिली ती एवढीच.

मग एक पोरगा आला, जेमतेम विशीचा, लँड क्रूझरचा जुना पिकअप घेऊन. ती गाडी तिकडे घरोघरी असते, 'शास' म्हणतात तिला. तो साडूंशी वाद घालत बसला नाही. उकिडवा बसला, व्हॉल्व्हचं टोपण काढून दातात धरलं आणि किल्लीच्या टोकाने पिन दाबली. सूंऽऽ करत हवा निघायला लागली. गेज वगैरे काही नाही, टायर खाली किती फुगतोय ते तळहाताने चाचपून थांबायचा आणि पुढच्या चाकाकडे जायचा. चारी चाकं झाल्यावर साडूंना खुणेने उतरवलं, स्वतः बसला आणि गाडी आमच्याच चाकोरीतून रिव्हर्स घेत रस्त्यावर आणून ठेवली. वर थर्मासमधला वेलचीचा कहवा पाजला तो वेगळाच. बायकोने त्याला तिळाचा लाडू दिला. त्याने खाल्ला आणि आणखी एक मागितला. मेहुणी आमच्या दोघांकडे बघत म्हणाली, "गोड गोड बोला." मी आणि साडू सकाळपासून बोलत नव्हतो.

हवा भरायचा पंप गाडीत नव्हता, हे सांगायला नकोच. हळूहळू रांगत पेट्रोल पंपापर्यंत आलो, दिवस गेला.

त्यानंतर मी हट्ट धरला, हाइलला फक्त रात्र काढायची आणि थेट अल-उला. तिथे 16 ला रॅली मुक्कामाला आली, 17 ला अल-उलातूनच निघून तिथेच परत येणारी स्टेज होती आणि 18 ला सगळे यनबूकडे गेले. गाडी न हलवता जे दिसलं ते त्याआधी पळून पळून दिसलं नव्हतं. सगळ्यात मजा लिएझनची. पहाटे काळोखात रस्त्याकडेला उभं राहायचं, बाइकवाले एकेक करत अगदी शिस्तीत समोरून जातात, कारण लिएझनवर वेगमर्यादा मोडली तर जीपीएसवर दिसतं आणि दंड बसतो. एकजण पाय आखडले म्हणून फुटपेगवर उभा राहून चालवत होता, आमच्या पोरांना हात करून गेला. त्या वर्षी हीरोच्या संघाचा रॉस ब्रँच बाइकमध्ये दुसरा आला आणि केरळचा हरिथ नोआ बाइकच्याच रॅली-2 या उपगटात पहिला. पोरांना ही नावं अजून पाठ आहेत. रॅली नसेल तेव्हा हेग्रा बघा, नबातियन लोकांनी खडकात कोरलेल्या कबरी आहेत, तिकीट आधी काढावं लागतं. बायको खूश राहते.

साडू म्हणतात हे नशीब. यात नशीब कसलं? वेळापत्रक आधीच जाहीर होतं. ते समोर ठेवायचं आणि रॅली ज्या गावात दोनदा येते किंवा जिथून निघून तिथेच परतते ते गाव धरायचं. 2026 ला सुरुवात आणि शेवट दोन्ही यनबूला होते, म्हणजे विचारच करायला नको. हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच घ्या. 2022 मध्ये पावसाने अल-अर्तावियाचा बिव्हॉक पाण्यात गेला आणि मुक्काम अल-कैसुमाला हलवला. वाळवंटात पाऊस, हो.

साडूंची बाजू सांगायची तर, खरी फोर बाय फोर, कॉम्प्रेसर, फावडं, बरोबर दुसरी गाडी आणि एक स्थानिक माणूस असेल, आणि मुलं घरी असतील, तर जा वाळूत. पुण्याचे संजय टकले 2025 ला लँड क्रूझर घेऊन डकार क्लासिक, म्हणजे जुन्या गाड्यांची वेगळी डकार, पूर्ण करून आले, तेव्हा साडूंनी मला ती बातमी पाठवली: "बघा, तुमचा पुणेकर." मी कळवलं की टकले कित्येक वर्षं रॅल्या करतायत आणि शेजारी नेव्हिगेटर असतो. तुमच्या शेजारी मी होतो, तुम्ही ऐकलं नाहीत.

राहिलेलं भराभर. भाड्याच्या गाडीने डांबर सोडलंत तर विमा गेला असं धरा. नातेवाइकाची गाडी चालवणार असाल तर त्यांच्याकडून ऑनलाइन तफवीद, म्हणजे त्यांची गाडी चालवायची परवानगी, करून घ्या, नाहीतर चौकीवर अडकाल. रात्री गाडी चालवू नका, उंट रस्त्यावर येतात. जेद्दाहून ताइफला जाताना मॅप मक्केतून नेतो. मुस्लिम नसाल तर बाहेरचा रस्ता वेगळा आहे, त्याच्या पाट्या आहेत. बाकरवडी नेऊ नका, तिच्यात खसखस असते आणि खसखशीला तिकडे बंदी आहे. शाळेचं तुम्ही बघा, आमच्या धाकटीचं गॅदरिंग बुडलं होतं.

बजेटसाठी आमचा हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही. पेट्रोल पुण्याच्या निम्म्या भावात पडतं, एवढं धरून चाला. दम्मामला राहणं-जेवण साडूंकडे होतं, आणि गाडीखालचं प्लास्टिकचं कव्हर फाटलं त्याचे अर्धे पैसे मी द्यावेत असं त्यांचं म्हणणं आहे. मी देणार नाही.