पुस्तकाचा आयएसबीएन आणि बारकोड : पहिल्यांदा काढणाऱ्यासाठी

भावा, पुस्तक काढायलास हे ऐकून लई भारी वाटलं. सुरुवातीला एवढंच बघ. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखीचा नंबर, बारकोडच्या पट्ट्यांत तोच असतोय. नंबर 13 आकडी असतोय, 2007 च्या आधी 10 आकडी होता. सुरुवातीच्या 978 नंतर 81 नाहीतर 93 असलं की भारत, त्यात भाषा कळत नाही, धारवाडचं कन्नड पुस्तक असू दे की बेळगावचं मराठी, दोन्हीला तेच. नंबर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाईन फुकट मिळतोय.

नवीन माणसं इथं चुकतात:

- पेपरबॅकचाच नंबर ईबुकला लावतात. प्रत्येकाला वेगळा लागतोय. जसंच्या तसं रिप्रिंट असेल तर जुनाच ठेवायचा.
- लाल बारकोड! कव्हरला मॅच होतोय म्हणून डिझायनर लाल पट्ट्या टाकतोय, आणि बऱ्याच स्कॅनरचा उजेडच लाल, मग त्याला त्या पट्ट्या पांढऱ्याच दिसतात आणि काउंटरवर पुस्तक वाचलंच जात नाही. पांढऱ्यावर काळाच घे, दोन्ही बाजूला कोरी जागा सोड.

शेवटचा आकडा तपासणीचा. पहिल्या 12 आकड्यांना ओळीनं 1, 3, 1, 3 नं गुणत जा, सगळ्यांची बेरीज कर, त्यात शेवटचा मिळवला की 10 नं पूर्ण भाग गेला पाहिजे. प्रेसला फाईल द्यायच्या आधी हे कागदावर करच. पट्ट्यांत आकडे कसे बसतात ते आत्ता नको, पहिलं कव्हर होऊ दे.