निवृत्तीचे 26 लाख, बँकेतला साहेब आणि बॉण्ड फंड

प्रश्न वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. यजमान सहकारी साखर कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 26 लाख बचत खात्यात येऊन पडलेत. पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आसपास, ताईंच्या शिवणकामाचे पाचेक हजार, घरखर्च 18 हजार. पाऊण एकर ऊस आहे, त्याचं बिल येईल तेव्हा खरं. दीड वर्षानं मुलीचं लग्न, त्यासाठी पाच लाख बाजूला हवेत. चार-पाच वर्षांत पत्रे काढून स्लॅब टाकायचाय. शिवाय गावातल्या पतसंस्थेत चार लाख दहा टक्क्यांनी ठेवलेत.

आता बँकेतले साहेब म्हणतात, एफडीचे दर उतरलेत, 20 लाख क्रेडिट रिस्क फंडात टाका आणि महिन्याला 15 हजार खात्यात घ्या. गेल्या वर्षीचा परतावा बघा. मोठे दीर म्हणतात, 'युनिट'चं नाव काढू नका, 2001 साली आमचे पैसे अडकले होते. कोणाचं ऐकायचं?

ताई, दोघांचंही थोडं थोडं. साहेबांचा फंड हा बॉण्ड फंडाचाच एक जोखमीचा प्रकार आहे, त्यात 20 लाख घालू नका. साध्या बॉण्ड फंडाशी ओळख मात्र करून घ्या, तुमच्या दोन गरजांना तो उपयोगी पडेल.

आधी दिरांचं बघू, कारण त्यांचा राग खोटा नाही. युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया या म्युच्युअल फंड संस्थेची 1964 ची योजना, यूएस-64, महाराष्ट्रात घराघरांत होती. युनिटचा, म्हणजे योजनेतल्या एका हिश्श्याचा, भाव ट्रस्ट स्वतः जाहीर करायचा आणि लोक तो एफडीसारखा पक्का धरायचे. आत मात्र शेअर्सचा वाटा वाढत गेला होता. शेअर बाजार पडला, तेव्हा जाहीर केलेला भाव आणि आतल्या मालाची खरी किंमत यांचा मेळ राहिला नाही. जुलै 2001 मध्ये खरेदी-विक्री सहा महिने बंद झाली. आज कुठल्याही म्युच्युअल फंडाला असा मनाचा भाव लावता येत नाही. आतल्या रोख्यांच्या बाजारभावावरून कामकाजाच्या प्रत्येक दिवशी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर करावी लागते. तेव्हा दिरांना सांगा, तो दोष बराचसा दुरुस्त झालाय. पण एनएव्ही रोज खरी दिसते म्हणून ती खाली येत नाही, असं नव्हे.

बॉण्ड फंडात नेमकं होतं काय? तुमचे पैसे सरकार, बँका आणि कंपन्यांना कर्जाऊ दिले जातात. त्याचे रोखे फंड सांभाळतो आणि व्याज एनएव्हीत जमा होत जातं. यात धोका दोन बाजूंनी येतो. कर्ज घेणारा बुडू शकतो, हे सगळ्यांना कळतं. व्याजदर वाढले की हातातल्या जुन्या रोख्याची किंमत उतरते, हे फार थोड्यांना माहीत असतं. तुमच्याकडे सात टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा असेल आणि बाजारात तसाच नवा रोखा आठ टक्क्यांनी मिळू लागला, तर तुमचा कोणी पूर्ण किमतीला घेणार नाही.

किती उतरते, हे काढायला फंडाच्या मासिक माहितीपत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' नावाचा आकडा असतो. तो सात असेल, तर दर एक टक्क्यानं वाढल्यावर एनएव्ही साधारण सात टक्के पडते. तीन लाखांवर 21 हजार. म्हणजे वर्षभराचं व्याज जवळजवळ धुऊन गेलं. हाच आकडा अडीच असेल तर घट साडेसात हजारांची. तेवढ्यात सात टक्क्यांच्या हिशेबानं वर्षाचं 21 हजार व्याज जमा झालेलं असतं, म्हणून वर्षअखेर तुम्ही पुढेच असता. सरकारी रोख्यांच्या गिल्ट फंडात बुडीत कर्जाची भीती नाही, पण त्यांतल्या बऱ्याच फंडांचं ड्युरेशन लांब असतं. 'सरकारी आहे, पडणार नाही' हे वाक्य तिथं चालत नाही.

आता साहेबांच्या कागदावरचा गेल्या वर्षीचा परतावा. 2025 च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आणला. दर उतरले की जुन्या रोख्यांच्या किमती चढतात, त्यामुळे त्या काळातले आकडे गुटगुटीत दिसतात. तो फायदा मागच्यांनी खाल्ला. आज शिरणाऱ्याला तो परत मिळत नाही. क्रेडिट रिस्क फंडात आणखी एक भानगड असते. पूर्वी बुडीत धरून शून्य केलेलं एखादं कर्ज वसूल झालं की एनएव्ही एका दिवसात उडी मारते आणि वर्षाचा परतावा फुगतो. पुढं काय मिळू शकेल याचा त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा म्हणजे 'यील्ड टू मॅच्युरिटी': आतले रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर आजच्या किमतीवर वर्षाला किती टक्के पडतील तो. त्यातून फंडाचा खर्च वजा करायचा. साहेबांना तो विचारा. न बघता सांगता आला तर मला आश्चर्य वाटेल.

क्रेडिट रिस्क फंड नावातच सगळं सांगतो. किमान 65 टक्के पैसा 'एए' किंवा त्याहून खालच्या पतमानांकनाच्या (सर्वांत वरची पायरी 'एएए') कंपन्यांना द्यायचा, असा त्याचा नियमच आहे. अशा कंपन्या जास्त व्याज देतात, कारण त्यांना कर्ज देणं जोखमीचं असतं. असे रोखे गरजेच्या दिवशी विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळत नाही. 23 एप्रिल 2020 ला फ्रँकलिन टेम्पल्टननं सहा डेट, म्हणजे बॉण्ड फंडाच्या, योजना एकदम बंद केल्या, त्या अशाच कमी मानांकनाच्या कागदांमुळे. कोविडच्या धास्तीनं लोक पैसे काढत होते आणि रोखे विकले जात नव्हते. मग कोर्टकचेरी झाली. पहिला हप्ता 2021 मध्ये मिळाला, बाकीचे पैसेही पुढं टप्प्याटप्प्यानं परत आले. म्हणजे शेवटी फार नुकसान झालं नाही. पण ज्याच्या घरी 2020 च्या मे महिन्यात लग्न होतं, त्यानं काय करायचं?

15 हजारांच्या मासिक रकमेचा हिशेब तर अगदीच सोपा आहे. वर्षाला एक लाख 80 हजार, म्हणजे 20 लाखांवर नऊ टक्के. फंडानं सात टक्के कमावले तर एक लाख 40 हजार झाले. उरलेले 40 हजार तुमच्याच मुद्दलातून कापून तुम्हाला 'उत्पन्न' म्हणून मिळतील. पुढच्या वर्षी मुद्दल कमी, म्हणून कमाई कमी, आणि कापाकापी जास्त. अशी दरमहा ठरलेली रक्कम फंडातून काढण्याला एसडब्ल्यूपी म्हणतात; ती सोय म्हणून चांगली आहे, पण फंड कमावतो त्यापेक्षा जास्त काढलं की मुद्दल झिजणारच.

आणि करसवलतीचं कोणी सांगितलं तर तेही जुनं झालंय. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडाच्या युनिटवरचा नफा, कितीही वर्षं ठेवलं तरी, तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्याच दरानं करपात्र होतो. एक फरक उरलाय: युनिट विकेपर्यंत कर लागत नाही, एफडीला तो दरवर्षीच्या व्याजावर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराला त्याची किंमत आहे. तुमच्या यजमानांचं सगळं उत्पन्न धरलं तरी नव्या करपद्धतीतल्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेत बसतं. तुम्हाला करच नाही, मग तो पुढं ढकलून काय मिळणार?

म्हणून माझी वाटणी अशी. 15 लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. हे लिहिताना तिथं 8.2 टक्के मिळतायत, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. दर तिमाहीला 30,750 रुपये हातात, म्हणजे महिन्याला 10,250. पेन्शन आणि शिवणकाम धरून 18 हजारांचा खर्च निघतो, उसाचं बिल वर राहतं. सरकारची हमी असलेला 8.2 टक्के दर समोर असताना तेवढ्याच पैशासाठी कमी मानांकनाच्या कंपन्यांना कर्ज द्यायचं कारण मला दिसत नाही. मर्यादा 30 लाखांची आहे, पण सगळे तिथं अडकवू नका; मुदतीआधी मोडलं तर मुद्दलातून कापलं जातं. खातं दोघांच्या नावे करा. व्याज वर्षाला लाखाच्या वर जातंय, तेव्हा टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापू नये म्हणून द्यायचा अर्ज दर एप्रिलमध्ये न विसरता द्या.

लग्नाचे पाच लाख एफडीत, लग्नाच्या महिनाभर आधी मुदत संपेल अशा बेतानं. अडीच यजमानांच्या नावे, अडीच तुमच्या. बँकेतल्या ठेवींना दर माणशी, दर बँकेमागे पाच लाखांचं विमासंरक्षण आहे, आणि त्यात व्याजही धरतात. एकाच नावावर पाच लाख ठेवले तर व्याज बाहेर राहतं. लग्नाच्या पैशात एनएव्हीचा खेळ नको. सोन्याचा भाव काय डोकेदुखी द्यायची ती देईलच.

उरले सहा लाख. इथं बॉण्ड फंड येतो.

त्यातले तीन लाख दवाखान्यासाठी आणि अडीअडचणीला. मोठ्या बँका बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास देतात. त्याऐवजी यातले बरेचसे लिक्विड फंडात ठेवा. हा फंड 91 दिवसांपर्यंतच्याच कागदांत पैसे ठेवतो, म्हणून एनएव्ही सहसा हळूहळू वरच सरकते. सात दिवसांनंतर काढायला काही शुल्क नाही आणि पैसे बहुधा पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. रात्री दोनला दवाखान्यात जावं लागलं तर त्याचा उपयोग नाही, म्हणून 50 हजार बचत खात्यातच राहू द्या.

दुसरे तीन लाख स्लॅबचे. हे चार-पाच वर्षं लागणार नाहीत, पण सिमेंट-सळईचं काम एक वर्ष पुढंमागं होऊ शकतं. अशा पैशाला शॉर्ट ड्युरेशन (कमी मुदतीच्या रोख्यांचा) किंवा बँकिंग अँड पीएसयू (मुख्यतः बँका आणि सरकारी कंपन्यांच्या रोख्यांचा) फंड बरा. मोडण्याचा दंड सहसा नाही आणि हवा तेवढाच भाग काढता येतो. एफडीपेक्षा फार जास्त मिळेल अशी आशा धरू नका. एखाद्या तिमाहीत आकडा थोडा खालीही दिसेल.

फंड निवडताना माहितीपत्रकात तीन गोष्टी बघा. 'एएए' आणि सरकारी रोखे मिळून किती, हा पहिला आकडा. मला तो 90 टक्क्यांच्या वर आवडतो. ड्युरेशन तीनच्या आत हवं. आणि खर्चाचं प्रमाण. सात टक्के कमावणाऱ्या फंडात अर्धा टक्का खर्च जास्त म्हणजे तुमच्या कमाईचा चौदावा हिस्सा गेला. डायरेक्ट प्लॅनमध्ये एजंटाचं कमिशन नसतं, म्हणून खर्च कमी. बँकेतून घेतलं तर ते रेग्युलर प्लॅनच असणार. मोबाईलवरून करणारा कोणी घरात असेल तर फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून डायरेक्ट घ्या. नसेल आणि एखादा वितरक बोलावल्यावर घरी येऊन अर्ज भरून देत असेल, तर त्याचं कमिशन मला खटकत नाही. शिवाय डिसेंबर 2021 पासून प्रत्येक डेट फंडावर नऊ घरांचा एक चौकोन छापलेला असतो. त्यात ए, बी, सी ही अक्षरं पत सांगतात आणि रोमन एक, दोन, तीन हे आकडे व्याजदराचा धोका. फंडाची खूण 'सी'च्या घरात दिसली की पान उलटा.

सुरुवात दहा हजारांनी करा. पॅन, आधार आणि नाव छापलेला रद्द केलेला चेक लागेल; केवायसीत नावाचं स्पेलिंग तिन्हीकडे एकसारखं असू द्या, बरेच अर्ज तिथंच अडकतात. फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, दोघांच्या नावे, 'ऐदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशा) पद्धतीनं, आणि नॉमिनी मुलीला करा. दहा हजार लिक्विड फंडात जाऊ द्या, पंधरवड्यानं दोन हजार काढून बघा, खात्यात कधी येतात ते स्वतः अनुभवा. मगच बाकीचे टाका. दिरांनाही पैसे जमा झाल्याचा मेसेज दाखवा.

जाता जाता पतसंस्थेचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या सगळ्या पैशांत मला सर्वांत जास्त काळजी त्या चार लाखांची वाटते. बँकेच्या ठेवींचं पाच लाखांचं विमासंरक्षण पतसंस्थेला लागू नाही, सहकारी बँकेला आहे. संचालक ओळखीचे असणं म्हणजे तारण नव्हे. पावत्यांच्या तारखा काढून ठेवा, आणि जसजशी मुदत संपेल तसतसे पैसे बँकेत आणा. पहिली पावती कधी सुटते ते कळवा, त्यानुसार पुढचं ठरवू.