सांगलीत बीएस्सी करतोयस आणि अमेरिकेत पीए, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासून उपचार करणारा फिजिशियन असिस्टंट, व्हायचंय?

आधी हे पक्कं कर: भारतातली फिजिशियन असिस्टंटची पदवी घेऊन तिथली परवान्याची परीक्षा देता येत नाही. तिथलाच मान्यताप्राप्त, साधारण 27 महिन्यांचा कोर्स लागतो. त्याला प्रवेश पदवीनंतर मिळतो, म्हणून बीएस्सीचं चौथं ऑनर्सचं वर्ष सोडू नकोस. तीन वर्षांची पदवी कित्येक ठिकाणी अपुरी धरतात.

प्रवेशासाठी काही विषय आधी झालेले लागतात. त्यात खरी अडचण अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीची. झूऑलॉजीत बेडूक कापला म्हणून भागत नाही, विषय मानवी शरीराचाच हवा, तोही प्रॅक्टिकलसकट. मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री बीएस्सीत घेतले असतील तर होऊन जातात. स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी बहुतेक जण विसरतात. प्रत्येक पेपरचा सिलॅबस थिअरी-प्रॅक्टिकलच्या तासांसह कॉलेजचा शिक्का मारून आत्ताच ठेव. मार्कशीटवर नुसतं ‘पेपर 5’ असलं तर तिकडच्या तपासनिसाला लॅब झाली की नाही हे कळणार कसं?

बॅकलॉग टाळ. अर्जाची केंद्रीय व्यवस्था, कास्पा, पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड सरासरीत धरते.

मिरजेत दवाखान्यांची वानवा नाही, पण डॉक्टरांमागे नुसतं उभं राहणं अर्जासाठी लागणाऱ्या ‘पेशंट केअर’च्या अनुभवाचे तास म्हणून चालत नाही, पेशंटला प्रत्यक्ष हात लावायचं काम बघ. आणि काही कॉलेजं हे विषय अमेरिकेतच केलेले मागतात. ती कॉलेजं आधी वगळ, मग अर्जाची फी भर.