ओव्हरटाइम बघताना

डिसेंबरात एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायला लागला आहेस, तर गुणतक्ता उघडा ठेव. प्रत्येक कॉन्फरन्समधून (लीगचे दोन गट) सातच संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात, बरोबरी अर्धा विजय धरतात. त्यामुळे दुसऱ्यांच्या सामन्यांवरही जीव टांगणीला लागतो.

ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ, मात्र नीट समजून घे. जानेवारी २०२२ मध्ये प्लेऑफच्या सामन्यात बफेलोविरुद्ध कॅन्सस सिटीने ओव्हरटाइमचा टॉस जिंकून पहिल्याच चढाईत टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण) केला आणि तेव्हाच्या नियमाने सामना ४२-३६ असा तिथेच संपला. बफेलोची चढाई चालवणाऱ्या जॉश ॲलनच्या हाती ओव्हरटाइममध्ये चेंडू आलाच नाही! सरळ अन्याय होता तो. त्याच वर्षी प्लेऑफचा नियम बदलला. २०२५ पासून साखळी सामन्यांतही पहिल्या टचडाउननंतर दुसऱ्या संघाला संधी मिळते. आता टॉस जिंकणारा चेंडू आधी घेतो की नंतर, ते बघ. माझं मत नंतरच घ्यावा, किती गुण हवेत ते कळलेलं असतं.