विचारा बिनधास्त: बॅनरवर चारच फोटो का?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या सोसायटीत दरवर्षी २६ नोव्हेंबरला, २००८ च्या मुंबई हल्ल्यात गेलेल्या पोलिसांसाठी, गेटवर बॅनर लागतो, मेणबत्त्या लावतो, दोन मिनिटं शांत उभं राहतो आणि घरी जातो. बॅनरवर करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे असे चार फोटो. गेल्या वर्षी एका चौथीतल्या पोराने विचारलं "चारच पोलीस गेले का?" आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. यंदा नीट करायचंय. कोणाची नावं घालायची, शहीद लिहायचं की हुतात्मा, आणि एखाद्या कुटुंबाला बोलवावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: त्या पोराला आधी माझ्याकडून एक चॉकलेट द्या.

चौघांनाही २६ जानेवारी २००९ ला मरणोत्तर अशोक चक्र मिळालं, त्यामुळे त्यांचे फोटो सगळीकडे दिसतात, त्यात चूक काही नाही. पण कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत ज्या क्वालिसवर गोळीबार झाला ना, तिच्यात करकरे, कामटे, साळसकर हे तीन साहेब एकटेच नव्हते हो, ड्रायव्हर बाळासाहेब भोसले होते, जयवंत पाटील आणि योगेश पाटील हे शिपाई होते, तेही तिथेच गेले, आणि जखमी अरुण जाधव तेवढे वाचले. आता हे किती जणांना माहितीय? सीएसटीवर रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे गेले, ताजमध्ये एसआरपीएफचा, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचा, राहुल शिंदे गेला. त्याचं गाव माढा तालुक्यातलं सुलतानपूर, त्या गावाने आपलं नावच बदलून राहुलनगर केलं! म्हणजे आता गावाच्या नावातच तो आहे, आपण मात्र फ्लेक्सवर चार इंच जागा काढायला मागेपुढे बघतो.

म्हणून माझं म्हणणं, फोटो कमी करा, नावं वाढवा. नावासोबत हुद्दा आणि कुठे ड्यूटीवर होते ते एका ओळीत. तुकाराम ओंबळे सहायक फौजदार, डी. बी. मार्ग पोलीस ठाणे, गाव केडंबे, तालुका जावळी, आधी लष्करात होते मग १९९१ ला मुंबई पोलिसात आले. "शौर्याने लढले" असं मोघम लिहू नका, काय केलं ते लिहा. मध्यरात्र उलटलेली, गिरगाव चौपाटीला नाकाबंदी, पळवलेली स्कोडा अडवली, कसाबच्या हातात एके-४७ आणि यांच्याकडे काठी, तरी यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली ती गोळ्या लागल्या तरी सोडली नाही, तेवढ्यात बाकीच्यांनी त्याला धरला. तो जिवंत सापडला म्हणून कट कुठे शिजला ते कोर्टात उभं राहिलं. चौथीतल्या पोरांसाठी अजून एक, २०२१ ला ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला अभ्यासकांनी ओंबळेंचं नाव दिलंय, आयशियस तुकारामी. हे सांगाच, मुलं मेणबत्ती विसरतील पण कोळी विसरणार नाहीत.

शहीद की हुतात्मा? २०१७ मध्ये सरकारनेच केंद्रीय माहिती आयोगाला सांगितलं होतं की लष्करात किंवा पोलिसात शहीद असा अधिकृत शब्दच नाही. त्यामुळे त्यावरून ग्रुपवर भांडू नका. आम्ही पोलीस लाइनीत हुतात्माच म्हणायचो, नायगावच्या पोलीस मैदानालाही हुतात्मा मैदानच म्हणतात.

मी पोलीस लाइनीतली पोरगी, वडील हवालदार. आमच्या घरी मोठा दिवस २१ ऑक्टोबर. १९५९ ला त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या हल्ल्यात सीआरपीएफचे दहा जवान गेले, तेव्हापासून तो पोलीस स्मृतिदिन. वडील आदल्या रात्रीच बूट घासून ठेवायचे. परेडला "शोक शस्त्र" म्हटलं की बंदुका उलट्या होतात, बिगुल वाजतो आणि वर्षभरात देशात गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात, एकेक, न घाई करता. भाषण विसरले मी सगळी, ते वाचन नाही विसरले. तुम्हीही मेणबत्त्यांच्या आधी नावं मोठ्याने वाचा, त्या पोरालाच वाचायला सांगा.

कुटुंबाचं मात्र जपून. एका कार्यक्रमात मी बघितलंय, गेलेल्या पोलिसाच्या बायकोला दीड तास खुर्चीत बसवून ठेवलं कारण पाहुणे यायचे होते, मग शाल, नारळ, फोटो, आणि माइक हातात देऊन "वहिनी, त्या रात्रीबद्दल दोन शब्द". अहो काय बोलणार ती! बोलवायचंच असेल तर आधी फोनवर विचारा, नाही म्हणाल्या तर परत फोन नको. आणि आल्या तर माइक देऊ नका, चहा द्या.

फ्लेक्सवाल्याला नावं कागदावर सुवाच्य लिहून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून नको. "ओंबाळे" आणि "ओंबले" दोन्ही छापलेलं मी बघितलंय.