तरंगणाऱ्या लाकडाची खोड शोध

तुझ्या कथेतलं हवेत तरंगणारं लाकूड मला मनापासून आवडलं. पण सध्या त्याच्यात सगळे गुणच आहेत, आणि नुसत्या गुणांवर गोष्ट पुढे सरकत नाही. आधी त्याची एखादी खोड शोध.

रबराचंच बघ. झाडाच्या चिकापासून मिळणारं कच्चं रबर लवचीक, पाणी आत न शिरू देणारं. पण उष्णतेने ते चिकट होई आणि थंडीत कडक पडे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला गंधक आणि उष्णतेचा उपाय सापडला, तेव्हा कुठे रबराच्या वस्तू भरवशाच्या झाल्या.

तुझं लाकूड भिजलं की जड होतं, असं धर. मग ढग दिसला की त्या लाकडाच्या उडत्या जहाजावरचे खलाशी धास्तावतील आणि लाकडाला तेल पाजणाऱ्या कारागिरांना मान मिळेल. एका अडचणीतून अख्खा धंदा उभा राहतो तो असा.

तोडणीचा विचार मात्र सावकाश कर. बुंधा कापताच झाड वर निघून जाणार ना? म्हणजे कुऱ्हाड लावण्याआधी फांद्यांना दोर बांधून खुंट्यांना आवळावे लागतील. एखादा दोर कुजका निघाला तर लाकूड गेलंच, आणि दोराला लटकलेला माणूसही गेला. हा प्रसंग नीट लिहिलास तर गुणधर्म वेगळे समजावून सांगायची गरज उरणार नाही.

रंग, नाव, दंतकथा नंतर सुचतील. फक्त नायक अडचणीत आला म्हणून हेच लाकूड शेवटच्या लढाईत भर पावसात उडवू नकोस.