तो 'स्वतःहून माघार'वाला मेल पाठवू नकोस

तुझी पोस्ट दुपारी वाचली आणि तेव्हापासून हातातल्या कामात लक्षच लागत नाहीये. ऑफर लेटर आलं, तू होकार कळवलास, जुन्या ठिकाणी राजीनामा दिलास, मग एचआरने तुझा इन्स्टावरचा प्राइडमधला (समलिंगी लोकांच्या अभिमान मोर्चातला) फोटो बघितला आणि फोनवर 'टीमला जरा अवघड जाईल' म्हणाले. आणि आता सांगतायत की तूच एक मेल टाक, वैयक्तिक कारणामुळे जॉइन होऊ शकत नाही असा. अगदी हेच माझ्या बाबतीत झालंय, २०१९ मध्ये. फरक एवढाच की तुझा फोटो होता, माझा फॉर्म होता. (वयाने लहान वाटतोस म्हणून तू म्हणतेय, राग मानू नकोस.)

आधीच सांगते, मी वकील नाही. पुढचं सगळं मी भोगलेलं, वाचलेलं आणि दोन वकिलांना विचारून कळलेलं आहे. तुझं ऑफर लेटर दाखवून स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेच.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७चा, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल आला होता, मी आणि माझी जोडीदार, आम्ही दोघी त्या रात्री झोपलो नव्हतो. पुढच्या फेब्रुवारीत नव्या नोकरीचे जॉइनिंगआधीचे फॉर्म आले, त्यात इमर्जन्सी कॉन्टॅक्ट आणि विम्यासाठी नॉमिनी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं नाव लिहिलं आणि नात्यापुढे 'पार्टनर'. तिसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंचा फोन, "पार्टनर म्हणजे बिझनेस पार्टनर का?" मी नाही म्हणाले. त्यानंतर आठ दिवस शांतता आणि मग तोच 'टीम, वातावरण, तुम्हालाच त्रास होईल' हा सूर. बोलायला खूप गोड होत्या. म्हणाल्या, आम्ही ऑफर रद्द केली तर तुमच्या रेकॉर्डवर येईल, त्यापेक्षा तुम्हीच माघार घेतल्याचा मेल टाका, दुसऱ्या जागेसाठी तुमचं नाव आम्ही नक्की लक्षात ठेवू.

आणि मी टाकला. चार ओळींचा मेल, वर थँक्यू पण लिहिलं. मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच, भेदभावापेक्षाही महाग. कारण त्या मेलनंतर कागदावर काय उरलं? एक कंपनी जिने नोकरी दिली आणि एक बाई जिने ती स्वतःच नाकारली. फोनवर काय बोलणं झालं ते कुठेच नाही. ते 'रेकॉर्डवर येईल' म्हणजे कोणाच्या रेकॉर्डवर, हे विचारायचं मला त्या क्षणी सुचलंच नाही, ऑफर रद्द केल्याचा रेकॉर्ड असलाच तर त्यांचा असतो, आपला नाही. दुसऱ्या जागेसाठी फोन कधीच आला नाही आणि जुन्या ठिकाणी माझ्या जागी माणूस घेऊन झाला होता. चार महिने घरी बसले.

म्हणून तुला एकच गोष्ट ओरडून सांगायची आहे, तो मेल टाकू नकोस. त्याऐवजी दुसरा टाक, शांत आणि छोटा: अमुक तारखेच्या फोनवर आपण मला जॉइन होऊ नका असं सांगितलंत, मी ऑफर स्वीकारलेली आहे, राजीनामाही दिला आहे आणि ठरलेल्या तारखेला रुजू व्हायला तयार आहे, आपला निर्णय बदलला असेल तर लेखी कळवा. बस. आरोप नको, 'मी गे आहे म्हणून' असंही तू स्वतः लिहू नकोस, ते कोणाला कळवायचं हे तुझं तू निवांत ठरव. फोन आला तर बोलणं झाल्यावर लगेच तेच मुद्दे मेलवर टाक, 'आत्ता आपण असं बोललो' म्हणून. हे सगळं तुझ्या पर्सनल मेलवरून, ऑफिसच्या लॅपटॉपवरून नाही, तो परत करायचाय तुला.

आता तू विचारलंयस की त्यांना असं करायचा हक्क आहे का. खरं उत्तर कडू आहे. ३७७च्या निकालाने आपलं प्रेम गुन्हा राहिलं नाही, पण खाजगी मालकाने नोकरीत भेदभाव करू नये असा समलिंगी लोकांसाठीचा सरळ कायदा आपल्याकडे नाही. घटनेतली समानतेची कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. म्हणून ती कंपनी सरकारी मालकीची किंवा सरकारच्या ताब्यातली असेल तर आधी ते बघ, मग हायकोर्टात जायचा रस्ता उघडा असतो. एका होमगार्डला जोडीदाराबरोबरच्या व्हिडिओवरून काढून टाकलं होतं, अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये तो आदेश रद्द करून त्याला परत कामावर घ्यायला लावलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९चा कायदा आहे आणि त्यात खाजगी आस्थापनांनाही नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे, पण तू किंवा मी त्यात बसत नाही. पॉशबद्दल, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याबद्दल, कोणीतरी तुझ्या पोस्टखाली लिहिलंय, ती तक्रार फक्त बाईला करता येते आणि ती लैंगिक छळाबद्दल असते, नोकरी नाकारल्याबद्दल नाही, त्यामुळे त्या नादाला लागू नकोस.

मग हातात काय उरतं, तर करार. स्वीकारलेलं ऑफर लेटर हा करार ठरू शकतो, आणि करार मोडला म्हणून नुकसानभरपाई मागता येते, त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. कोर्ट त्यांना तुला कामावर ठेवायला लावेल ही आशा धरू नकोस, मिळाले तर पैसे मिळतात. पत्रात 'व्हेरिफिकेशननंतर रद्द करू शकतो' अशी अट आहे का आणि नोटीस पिरियडबद्दल काय लिहिलंय ते आजच वाच. आणि हा रस्तासुद्धा तू माघारीचा मेल टाकला नसशील तरच आहे, माझा तिथेच बंद झाला.

कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी गेले होते. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, जॉइन झालात का? नाही म्हटल्यावर म्हणाले मग तुम्ही कामगार कशा? हे एकवेळ मान्य, त्यांचे नियम असतील. पण मग सगळी रांग ऐकतेय अशा आवाजात, "पण कारण काय दिलं त्यांनी, नीट सांगा की." मागे वीसेक माणसं उभी होती. मी काहीच न बोलता अर्ज उचलला आणि बाहेर आले, जिन्यात बसून रडले. आज इतक्या वर्षांनीही त्या माणसाचा मला जास्त राग येतो, एचआरपेक्षा जास्त. तक्रार घेणाऱ्याने दार लोटून बोलायची सोय करायला काय लागतं? तू कुठेही गेलास तर लेखी अर्ज घेऊन जा, तोंडी काही सांगू नकोस, पोच घे, आणि बरोबर कोणालातरी ने.

मालकाला माणूस निवडायचा हक्क असावा याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आता मी स्वतः मुलाखती घेते, लोकांना नाही म्हणते, आणि कारण देत बसणं दर वेळी जमत नाही हेही मला माहितीये. पण नकार कामावरून असला पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१०चा समानता कायदा अर्जदारालाही लागू होतो, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२० मध्ये सांगितलं की समलिंगी म्हणून काढणं हा लिंगावरून भेदभावच आहे. युरोपात त्याच वर्षी एक निकाल आला. इटलीतला एक वकील रेडिओवर म्हणाला होता की मी माझ्या ऑफिसात समलिंगी माणूस कधीच घेणार नाही. तेव्हा भरती चालूसुद्धा नव्हती, तरी युरोपच्या कोर्टाने म्हटलं की असं जाहीर बोलणंही नोकरीतल्या भेदभावात मोडू शकतं. तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं. तुझी कंपनी परदेशी असेल तर तिकडचा कायदा इथे तुला लागू होईल असं समजू नकोस, पण त्यांची आचारसंहिता शोध, तक्रारीचा मेल आयडी तिच्यात बहुतेक वेळा असतो, आणि तिथून आलेलं उत्तर लेखी असतं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. अलीगढ विद्यापीठातले प्राध्यापक सिरस, मराठीच शिकवायचे, त्यांच्या घरात घुसून ते एका पुरुषाबरोबर असतानाचा व्हिडिओ काढला आणि निलंबनही त्यांचंच झालं. १ एप्रिल २०१० ला हायकोर्टाने ते निलंबन थांबवलं. आठवड्याभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. कोर्टात बाजू लागली होती त्यांची. म्हणून या दिवसांत एकटा राहू नकोस, रात्री तर नकोच. घरच्यांना माहीत नसेल तर एका मित्राला सगळं सांगून ठेव. माझी ती होती म्हणून ते चार महिने गेले.

जुन्या ऑफिसात राजीनामा मागे घेता येतो का ते उद्या सकाळीच विचार, रिलीव्हिंगची तारीख गेली नसेल तर पुष्कळदा जमतं. मी लाजेपायी विचारलंच नाही. आणि मेल अजून पाठवला नाहीस ना तेवढं इथे लिही, पाठवला असलास तरी लिही, मग त्यानंतरचा मेल कसा टाकायचा ते बघू. मी अकरानंतर ऑनलाइन आहे.